मुक्या जिवाची अमानत

गेल्या पावसाळ्यात एका शुक्रवारी, जुम्याच्या नमाजनंतर, आमच्या मशिदीच्या ओट्यावर वस्तीतील एका तरुणाने मला एक प्रश्न विचारला. हा तरुण गवंडीकाम करतो, नमाजला नियमित येतो आणि मनात असेल ते तोंडावर बोलतो. तो म्हणाला, "मौलाना, तुमच्या घरी मांजराचं आजारी पिल्लू आणलंय म्हणे. त्याच्यासाठी सांगलीहून दुधाचा डबा मागवलात, रात्री गजर लावून उठता. इथं वस्तीत माणसांना औषध मिळत नाही आणि इमामाच्या घरात मांजरावर पैसा जातो. उद्या अल्लाहनं याचा जाब विचारला तर काय सांगाल?"

ओट्यावर बसलेले दोघे-तिघे हसले. मला हसू आले नाही. प्रश्नात टोमणा होता, पण टोमण्याच्या तळाशी आणखी काही होते. ते काय होते, हे मला चार दिवसांनी कळले. त्या वेळी मी एवढेच म्हणालो, "विचार करून सांगतो." त्याला नंतर जे सांगितले, ते येथे वाचक बंधू-भगिनींपुढे जरा विस्ताराने ठेवीत आहे, कारण हा प्रश्न केवळ त्या तरुणाचा नाही.

घटना अशी. त्या आठवड्याच्या सोमवारी, असरच्या नमाजनंतर, माझी आठ वर्षांची मुलगी वुजूखान्यामागच्या पाण्याच्या टाकीकडून धावत आली. तिच्या ओढणीत मांजराचे एक पिल्लू होते; पावसात भिजलेले, हाडांची काडे झालेले. "अब्बा, ह्याला घरी नेऊ?" तिने विचारले. मी नकार दिला.

नकाराला मी धर्मातील एक आधार दिला. ह. अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांनी कथन केलेली एक हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. एका प्रवासात काही सहाबींनी एका पक्षिणीची दोन पिल्ले उचलली, तेव्हा ती पंख फडफडवीत त्यांच्याभोवती घिरट्या घालू लागली. प्रेषित मुहम्मद (स.) तेथे आले, तेव्हा त्यांनी हिला हिच्या पिल्लांवरून कोणी व्याकूळ केले अशी विचारणा केली आणि पिल्ले परत ठेवण्याची आज्ञा दिली. आपल्याकडेही म्हणतातच की मांजर आपली पिल्ले सात घरे फिरवते. आई नवी जागा शोधण्यास गेली असेल. आपण पिल्लू उचलले तर मायलेकरांची ताटातूट आपल्या हातून होईल, असे मी मुलीला समजावले. टाकीजवळच्या पत्र्याखाली कोरड्या जागी पिल्लू ठेवून आम्ही दूर झालो.

हे कारण खरे होते. धडधाकट, उबदार पिल्लू दिसले तर लगेच उचलू नये, दुरून आईची वाट पाहावी, असेच मी आजही सांगेन. परंतु हे पिल्लू धडधाकट नव्हते; त्याला वाट पाहणे परवडणारे नव्हते, आणि हे मला दिसत होते. माझ्या मनात दुसरे एक कारण होते, जे मी मुलीला सांगितले नाही. आमच्या घरात खोल्या दोन, आणि रात्रीची झोप मोडण्याची माझी तयारी नव्हती. खऱ्या कारणाच्या आड खोटे कारण लपवता येते. मनाची ही खोड आपणा सर्वांच्या परिचयाची आहे.

इशापर्यंत आई आली नाही. मी पाहण्यास गेलो, तेव्हा पिल्लाचे अंग थंडगार पडले होते, एक डोळा चिकटला होता आणि त्याचे ओरडणेही थांबले होते. मी ते उचलून घरी आणले. आत येताच मुलीने दार लोटून कडी घातली, पिल्लू बाहेर जाऊ नये म्हणून. त्या कडीबरोबर आमच्यावर कोणती जबाबदारी आली, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला.

ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी कथन केलेली, बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेली ती हदीस आपणा सर्वांना ठाऊक आहे. एका स्त्रीला एका मांजरीपायी शिक्षा झाली. तिने मांजरीला कोंडून ठेवले. स्वतः खाऊपिऊ घातले नाही आणि जमिनीवरचे किडेमकोडे खाण्यासाठी मोकळेही सोडले नाही. अखेर ती मांजर मेली. मुक्या जनावरांचा छळ करू नये, एवढा बोध घेऊन आपण पुढे जातो. परंतु हदीस नीट पाहावी. त्या स्त्रीने मांजरीला मारल्याचा, चटके दिल्याचा किंवा विष घातल्याचा उल्लेख त्यात नाही. तिच्या अपराधात केलेले थोडे आहे आणि न केलेले फार आहे. तिने दार लावले आणि त्यानंतर करावयाचे ते केले नाही.

पृथ्वीवर वावरणाऱ्या प्रत्येक जिवाची उपजीविका अल्लाहने आपल्याकडे घेतली आहे, असे सूरह हूदमध्ये (११:६) सांगितले आहे. मोकळ्या मांजरीसाठी त्या पालनकर्त्याचा दस्तरखान जमिनीवर पसरलेला असतो. माणूस दार लावतो, तेव्हा तो त्या जिवाची दस्तरखानाकडे जाणारी वाट अडवतो. ज्याने वाट अडवली, त्यानेच ते अन्न आत आणून द्यावयाचे. मांजर पाळणे इस्लामने निषिद्ध ठरवलेले नाही. कोंडून ठेवून हात झटकणे निषिद्ध ठरवले आहे.

या हदीसमध्ये त्या स्त्रीपुढे दोन वाटा होत्या: खाऊ घालणे किंवा सोडून देणे. धडधाकट मांजरीपुरत्या दोन्ही खुल्या आहेत. परंतु ज्याला अद्याप धड चावता येत नाही, ज्याचा डोळा चिकटला आहे, ज्याला चार पायांवर तोल सावरता येत नाही, अशा पिल्लाला बाहेर ठेवण्यास सोडून देणे म्हणता येईल काय? जमिनीवरचे किडे त्याला खाता येत नाहीत. उलट किडेच त्याला खातील. आपल्या गावांत घरी मांजर व्याली की पिल्ले पोत्यात घालून मच्छीबाजारात किंवा नदीपलीकडे सोडून येणारे लोक आहेत. सोडणारा घरी परतताना मनाशी म्हणतो की मी मारले नाही, अल्लाहच्या भरवशावर सोडले. बंधूंनो, याला तवक्कुल म्हणत नाहीत. तिर्मिजींच्या संग्रहातील हदीसनुसार प्रेषितांनी (स.) उंटाविषयी विचारणाऱ्याला आधी उंट बांधण्यास आणि मग भरवसा ठेवण्यास सांगितले. आपल्या वाट्याचे काम टाळून अल्लाहचे नाव घेणे म्हणजे आपला आळस अल्लाहवर ढकलणे होय. आपल्या देशाच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही, जनावर उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत त्याला विनाकारण टाकून देणे हा गुन्हा ठरवला आहे.

म्हणजे आजारी पिल्लाच्या बाबतीत दोन वाटांपैकी एक बंद होते आणि दुसरीच उरते. समोरचा जीव जितका दुबळा, तितकी आपली सवलत कमी. बलवान जिवाकडे पाठ फिरवता येते, कारण त्याच्याकडे स्वतःचे पाय असतात. दुबळा जीव हाती आला की त्याचे पाय आपण होतो. मला अमानत या शब्दाचा खरा अर्थ येथे दिसतो. आपण मागितलेली नसते, पण हाती आल्यावर ती आपली ठेवही नसते. ज्याची आहे त्याला हिशेब द्यावयाचा असतो.

ही अमानत हाती येताच, पहिल्याच रात्री, माझ्याकडून चूक झाली. घरात गाईचे दूध होते. ते कोमट करून, पिल्लाला तान्ह्या मुलासारखे उताणे धरून, मी ड्रॉपरने पाजले. त्याला ठसका लागला आणि थोडे दूध नाकावाटे बाहेर आले. पहाटेपर्यंत त्याला जुलाब सुरू झाले. सकाळी फजरनंतर मी ते गुरांच्या दवाखान्यात नेले. गाई, म्हशी, शेळ्यांच्या त्या रांगेत टोपीत पिल्लू घेऊन उभ्या असलेल्या मौलानाकडे लोक कौतुकाने पाहत होते.

डॉक्टरांनी पिल्लाच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही. अंगातील पाणी आटल्याची ती खूण. हिरड्या पांढुरक्या होत्या. वय तीन आठवड्यांच्या आसपास आणि वजन २४० ग्रॅम. या वयाच्या पिल्लाचे वजन याहून बरेच अधिक हवे. त्यांनी कातडीखाली सलाईन दिले, डोळा साफ केला, औषध लिहून दिले आणि मला शांतपणे खडसावले. त्यांनी सांगितले ते येथे नोंदवतो, कारण पुष्कळ घरांत माझ्यासारखीच चूक होते. एवढ्या लहान पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही. म्हणून थंड पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यावी आणि मग दूध. गार अंगात दूध पचत नाही. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवावी, आणि ऊब जास्त झाली तर बाजूला सरकता येईल एवढी जागा असावी. गाईम्हशींचे दूध पिल्लाला सोसत नाही. त्यांच्यासाठी वेगळी दुधाची पावडर मिळते. पाजताना पिल्लू पोटावर असावे आणि मान किंचित वर. उताणे धरल्यास दूध फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे पाजावे. पाजून झाल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने मागचा भाग हळुवार पुसावा; आई चाटून हेच करते, आणि त्याशिवाय अगदी लहान पिल्लांना लघवी-शौच होत नाही. शेजारच्या एका बाईंनी पॅरासिटामॉलची पाव गोळी देण्यास सुचवले होते. त्याविषयी विचारताच डॉक्टर दचकले. माणसाला सोसणारी ही गोळी मांजराच्या शरीराला निकामी करता येत नाही. तिचा छोटा तुकडाही त्याचा जीव घेऊ शकतो.

दवाखान्यातून परत येताना मला एक हदीस आठवत होती. अबू दाऊद, नसाई व इब्ने माजा यांच्या संग्रहांत ती आहे: ज्याला वैद्यकाचे ज्ञान असल्याचे कोणास ठाऊक नाही, त्याने उपचार केला तर नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर राहील. ही हदीस माणसांवरील उपचारांविषयी सांगितली जाते. मदरशात मी ती शिकलो, पुढे विद्यार्थ्यांना शिकवली. ती एक दिवस माझ्याच हातातील ड्रॉपरला लागू पडेल, असे वाटले नव्हते. माझा हेतू चांगला होता. कर्मे हेतूंवर अवलंबून आहेत, ही हदीस आपण सर्वांत आधी पाठ करतो. परंतु चांगला हेतू गाईच्या दुधाचे मांजरीचे दूध करीत नाही. ह. शद्दाद बिन औस (रजि.) यांच्या कथनानुसार अल्लाहने प्रत्येक गोष्टीत एहसान अनिवार्य केला आहे. एहसान म्हणजे काम उत्तम रीतीने करणे, आणि उत्तम रीत माहीत नसेल तर जाणकाराला विचारणे हाही त्याच आज्ञेचा भाग आहे. आपली दया कोणाला भोवू नये, याची काळजी घेणे हे दया करणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे.

आठवडाभर आमच्या घराचे वेळापत्रक त्या पिल्लाच्या हाती होते. रात्री अकराचे दूध पत्नीकडे, दोनचे आणि तहज्जुदच्या वेळचे माझ्याकडे, सकाळचे मुलीकडे. माझ्या अम्मीला एकच चिंता होती: इमामाच्या घरात जानमाज पाक कशी राहणार? ही चिंता वावगी नाही. याविषयीची हदीस प्रसिद्ध आहे. ह. अबू कतादा (रजि.) वुजू करीत असता एक मांजर पाणी पिण्यास आली, तेव्हा तिला नीट पिता यावे म्हणून त्यांनी भांडे कलते केले. त्यांची सून कब्शा आश्चर्याने पाहू लागली. तेव्हा त्यांनी तिला प्रेषितांचा (स.) निर्वाळा ऐकवला की मांजर अपवित्र नाही, ती तुमच्यात सतत ये-जा करणाऱ्यांपैकी आहे. येथे जो अरबी शब्द आला आहे, त्याच शब्दाने सूरह नूरमध्ये (२४:५८) घरात वारंवार ये-जा करणाऱ्या सेवकांचा व मुलांचा उल्लेख झाला आहे. भाषेचा विद्यार्थी म्हणून मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. प्रेषितांनी (स.) मांजरीला ज्या शब्दाने ओळखले, तो घरातल्या माणसांचा शब्द आहे.

फिकहच्या दृष्टीने, शाफई मतानुसार मांजरीचे उष्टे पाणी शुद्ध आहे. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव याच मताचे. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते दुसरे पाणी उपलब्ध असता ते वापरणे सौम्य स्वरूपात नापसंत आहे. तिची लघवी, विष्ठा व उलटी मात्र नापाक आहे. म्हणून पिल्लाचे खोके आम्ही स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवले, त्याला हाताळण्याचे कपडे वेगळे केले, आणि अम्मीची चिंता मिटली. पुढे तीच त्याच्या बाटलीत गरम पाणी भरू लागली.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे मला आवश्यक वाटते. मांजरावरील प्रेम हा ईमानचा भाग आहे, अशा अर्थाचे एक वचन प्रेषितांच्या (स.) नावाने फिरत असते, हदीसच्या विद्वानांनी ते बनावट ठरवले आहे. झोपलेल्या मांजरीसाठी प्रेषितांनी (स.) आपल्या वस्त्राची बाही कापल्याची गोष्टही हदीसच्या प्रमाण संग्रहांत आढळत नाही. आपल्याला अशा आधारांची गरज नाही. ह. अबू हुरैरा (रजि.) यांचे हे टोपणनावच एका मांजरीच्या पिल्लावरून पडले. तिर्मिजींच्या संग्रहातील त्यांच्याच सांगण्यानुसार, घरची शेळ्या-मेंढ्या चारताना ते आपले पिल्लू दिवसा बरोबर नेत, त्याच्याशी खेळत आणि रात्री झाडावर ठेवीत. ज्यांनी आपल्यापर्यंत सर्वाधिक हदीस पोहोचवल्या, त्यांना आपण आजही एका पिल्लाच्या नावाने ओळखतो. खऱ्या गोष्टी एवढ्या असताना खोट्या गोष्टींची भर घालणे हा प्रेषितांवरील (स.) अन्याय आहे.

गुरुवारी पिल्लाने डोळा उघडला. शुक्रवारी वजन आठ ग्रॅमने वाढले आणि मुलीने शाळेत सर्वांना सांगितले. त्याच दुपारी ओट्यावर तो प्रश्न आला. शनिवारपासून पिल्लू पुन्हा खालावले. त्याचा श्वास जलद होऊ लागला. डॉक्टरांनी तपासून छातीत संसर्ग असल्याचे सांगितले. पहिल्या रात्रीचे दूध फुप्फुसात गेल्यामुळे तो झाला काय, असे मी विचारले. ते म्हणाले, "असू शकेल. आधीच भिजून थंडी भरली होती, त्यानंही असू शकेल." त्यांनी मला दोष दिला नाही. मी स्वतःला तो पूर्णपणे माफही करू शकत नाही.

त्या वेळी एका हितचिंतकांनी सुचवले, "इंजेक्शन देऊन मोकळं करा बिचाऱ्याला." असाध्य दुखण्यातील जनावराची सुटका करण्याबाबत फकीहांमध्ये मतभेद आहेत, काहींनी परवानगी दिली आहे, काहींनी सुटकेच्या हेतूनेही जीव घेण्यास मनाई केली आहे. त्या चर्चेत शिरण्याआधी मी स्वतःला एक साधा प्रश्न विचारला: मोकळे कोणाला करावयाचे आहे? डॉक्टरांच्या मते पिल्लू तळमळत नव्हते, ते अशक्त होते. तळमळत होतो आम्ही, पाच रात्रींच्या जागरणाने. आपल्या थकव्याला त्याच्या वेदनेचे नाव देण्याचा मोह फार सूक्ष्म असतो, आणि तो केवळ जनावरांच्या बाबतीत होतो असे नाही.

दमास्कस व कैरो येथे अध्यापन केलेले थोर शाफई विद्वान इमाम इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (मृत्यू हिजरी ६६०) यांनी आपल्या ग्रंथात जनावरांचे माणसावरील हक्क क्रमाने नोंदवले आहेत. त्यांत पहिला हक्क खर्चाचा आहे, आणि जनावर म्हातारे झाले किंवा आजारी पडून त्याचा काही उपयोग उरला नाही, तरी तो खर्च करावयाचा, असे त्यांनी स्पष्ट केले आहे. साडेसातशे वर्षांपूर्वीचा हा विद्वान उपयोग आणि हक्क यांना वेगळे करतो. कामाचा आहे म्हणून सांभाळणे हा व्यवहार झाला. कामाचा उरला नाही, तरीही सांभाळणे ही अमानत.

सोमवारी पहाटे, फजरच्या अजानपूर्वी, पिल्लू पत्नीच्या मांडीवर गेले. आठवडा पुरा होण्यास अर्धा दिवस उरला होता. आम्ही ते परसात पुरले. मुलीने विचारले, "अब्बा, ते कुठं गेलं?" पृथ्वीवरील सर्व प्राणी व पंखांनी उडणारे सर्व पक्षी हे तुमच्यासारखेच समुदाय आहेत आणि अखेर ते आपल्या पालनकर्त्याकडे एकत्र केले जातील, असे सूरह अनआममध्ये (६:३८) सांगितले आहे. मी तिला तेवढेच सांगितले. "मग आपण काय केलं ते अल्लाहला कळेल?" तिने पुन्हा विचारले. मी होय म्हणालो. पत्र्याखाली गेलेले ते तीन तासही कळतील, हे मी मनात म्हणालो.

त्या रात्री मी गजर बंद करण्यास विसरलो. दोन वाजता तो वाजला. उठून बसलो, आणि आता पाजावयाचे कोणी नाही हे लक्षात आले. झोप येईना म्हणून दारात येऊन उभा राहिलो. गल्लीच्या टोकाला एका घरात दिवा लागलेला होता. एकाएकी जाणवले की हा दिवा मी आठवडाभर रोज या वेळी पाहत आलो आहे. तेथे इतक्या रात्री कोण जागे असते, हे मी एकदाही विचारले नव्हते.

ते घर त्या तरुणाचे होते. त्याचे वडील पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले आहेत, हे मला ठाऊक होते. सुरुवातीला मी एकदा भेटूनही आलो होतो. त्यानंतर दोन महिन्यांत त्या दारी गेलो नव्हतो. मंगळवारी मगरिबनंतर गेलो, तेव्हा कळले की पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून वडिलांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. घरात तो आणि त्याची आई, दोघेच. दिवसा आई वळवते, रात्री तो. त्याच्याही फोनवर गजर लावलेला होता. एकाच गल्लीत, एकाच वेळी, आम्ही दोघे दोन दुबळ्या जिवांसाठी जागे होतो. त्याला माझे जागरण ठाऊक होते, मला त्याचे नव्हते. ओट्यावरच्या प्रश्नाच्या तळाशी हे होते.

मी त्याला जे उत्तर दिले, ते असे. हक्कांना क्रम आहे. आईवडील, पत्नी, मुले, नातलग, शेजारी, गरजू माणूस, यांचे हक्क आधी आहेत. मुलांच्या औषधाचे किंवा कर्जफेडीचे पैसे मी त्या डब्यावर घालवले असते, तर मी गुन्हेगार ठरलो असतो. जकातीचा किंवा मशिदीच्या निधीचा एक रुपयाही त्या कामी लावता आला नसता, आणि लावला नाही. डबा माझ्या पगारातून आला. तहानलेल्या कुत्र्याला आपल्या मोज्यात पाणी भरून पाजणाऱ्या माणसाला क्षमा मिळाली, तेव्हा सहाबींनी जनावरांच्या बाबतीतही पुण्य आहे काय, अशी पृच्छा केली होती. प्रत्येक जिवंत काळजाच्या सेवेत पुण्य आहे, असे प्रेषितांचे (स.) उत्तर होते. तेव्हा पिल्लाचा जाब अल्लाहने विचारला, तर माझ्याकडे पहिल्या रात्रीच्या चुकीची कबुली आहे आणि पुढच्या रात्रींचा हिशेबही आहे.

परंतु त्याच्या वडिलांचा जाब विचारला, तर माझ्याकडे काहीच नाही. आजाऱ्याची विचारपूस हा मुसलमानाचा मुसलमानावर हक्क आहे. कयामतच्या दिवशी अल्लाह मानवाला म्हणेल की मी आजारी होतो आणि तू मला भेटण्यास आला नाहीस, अशा आशयाची हदीस मुस्लिम यांच्या संग्रहात आहे. त्यावर मी कितीतरी खुतबे दिले आहेत. पिल्लाने त्या वृद्धाचा हक्क घेतला नव्हता. पिल्लू येण्याआधीचे सात आठवडे माझ्याकडे होतेच, आणि त्या आठवड्यांत मी स्वस्थ झोपत होतो. मांजरावर दया केल्याने माणसासाठी दया कमी पडते, हा समज म्हणून बरोबर नाही. ती कमी पडते, ती आपण दार लावून घेतल्याने. एका जिवासाठी दार लावणे जबाबदारी आणते; इतरांसाठी लावलेले दार जबाबदारीतून सोडवत नाही.

त्याने सारे ऐकून घेतले. उत्तर पटले की नाही, हे तो बोलला नाही. निघताना त्याने विचारले, "पिल्लू कसं आहे आता?" गेले, असे मी सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "दोनचा गजर बंद करू नका मग." आता आठवड्यातील दोन रात्री त्या घरातील दोनची पाळी माझ्याकडे आहे, आणि आणखी तिघे तरुण उरलेल्या रात्री वाटून घेतात.

सर्व जिवांचा पालनकर्ता अल्लाह आपल्या हाती आलेल्या प्रत्येक दुबळ्या जिवाची अमानत ओळखण्याची, ती ज्ञानपूर्वक सांभाळण्याची आणि आपल्याच गल्लीतील दिवे पाहण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना देवो, आणि अज्ञानाने झालेल्या चुका क्षमा करो. आमीन.